संशोधनाची उपेक्षित फलिते आणि त्यांची मुक्त उपलब्धता : मराठ्यांच्या इतिहास-संशोधनाचा अनुभव

प्रस्तावना

संशोधनाचे फलित म्हणजे ग्रंथ किंवा शोधनिबंध, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु ग्रंथ व निबंध ज्या सामग्रीवर उभे राहतात, ती सामग्रीही संशोधकाच्या श्रमातूनच निर्माण होते. जुन्या कागदांच्या नकला, मोडी लिपीतून केलेली लिप्यंतरे, दप्तरांच्या याद्या, शकावल्या, पत्रांचे सारांश, पाठभेदांच्या नोंदी, मुलाखतींची ध्वनिमुद्रणे, अपुऱ्या राहिलेल्या ग्रंथांचे आराखडे ही सर्व त्याचीच उदाहरणे होत. ग्रंथ प्रसिद्ध झाला की ही सामग्री कपाटात जाते आणि संशोधकाच्या पश्चात बहुधा रद्दीत जाते. मुक्त उपलब्धतेच्या चळवळीतही प्रारंभी तिला दुय्यम स्थान होते. बुडापेस्ट येथे २००२ साली जो पुढाकार जाहीर झाला, त्याचा भर प्रामुख्याने समीक्षित नियतकालिकांतील लेखांवर होता. पुढील वर्षीच्या बर्लिन जाहीरनाम्याने मात्र मूळ आधारसामग्री, तिच्याविषयीच्या नोंदी, साधने आणि चित्रांच्या संगणकीय प्रतिमा यांचाही स्पष्ट समावेश केला. युनेस्कोच्या नोव्हेंबर २०२१ मधील मुक्त विज्ञानविषयक शिफारशीत हा विस्तार अधिक व्यापक झाला.

हा प्रश्न संगणकयुगाने निर्माण केलेला आहे, असे मानण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातील इतिहास-संशोधनाला तो सुमारे दोनशे वर्षांपासून परिचित आहे, आणि त्याची बरी-वाईट अशी दोन्ही उत्तरे येथे मिळून चुकली आहेत. त्या अनुभवाचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ग्रँट डफची ठेव

जेम्स ग्रँट डफ याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली लंडन येथे तीन खंडांत प्रसिद्ध झाला. पेशवाईच्या अखेरीनंतर साताऱ्यास अधिकारपदावर असताना त्याने दप्तरे, बखरी, वतनदार घराण्यांचे कागद व जाणकारांची कथने जमविली होती. त्याच्या निष्कर्षांविषयी मतभेद असले, तरी त्याने केलेली एक गोष्ट आजच्या परिभाषेतही आदर्श ठरावी अशी आहे. आपण वापरलेल्या अनेक हस्तलिखितांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेवल्या आहेत, असे त्याने तळटीपांतून पुनःपुन्हा नमूद केले. वाचकाने आपल्यावर विसंबून राहू नये, मूळ कागद पाहावा, हा त्यामागील हेतू उघड आहे.

ती ठेव टिकली नाही. पुढे शोध घेणाऱ्यांना त्या नकला तेथे आढळल्या नाहीत. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७-६८ च्या सुमारास डफच्या बखरीवर टीका केली, तेव्हा विधानांचा आधार तपासण्याची गरज मराठी वाचकांना प्रथम जाणवली. आधार मात्र हाती नव्हता. डफच्या एखाद्या विधानामागे कोणती बखर होती, तिची प्रत कितपत जुनी होती, भाषांतर यथार्थ होते की नाही, हे प्रश्न त्यामुळे बव्हंशी अनुत्तरित राहिले. ग्रंथाच्या आवृत्त्या निघत गेल्या, तो सर्वत्र उपलब्ध राहिला, आणि त्याला जाब विचारू शकणारी सामग्री तेवढी नाहीशी झाली. सामग्री कोठेतरी ठेवणे आणि ती उपलब्ध राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचे हे महाराष्ट्रातील पहिले ठळक उदाहरण म्हणता येईल.

'पत्रे, यादी वगैरे'

या उणिवेला मराठी विद्वानांनी दिलेले उत्तर लक्षणीय होते. कागद कोठेतरी सुरक्षित ठेवण्याऐवजी ते छापून टाकावेत आणि वर्गणीदारांच्या घरोघर पोहोचवावेत, हा तो मार्ग. विष्णुशास्त्री चिपळूणकर, काशिनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक यांच्या पुढाकाराने १८७८ साली 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक सुरू झाले. त्यातून बखरी व अप्रसिद्ध काव्ये यांबरोबरच सुटी पत्रेही प्रसिद्ध होऊ लागली. त्या कागदांचे जे पुस्तक पुढे निघाले त्याच्या नावात 'पत्रें यादी वगैरे' हे शब्द आहेत. 'वगैरे' या अव्ययाला एखाद्या ग्रंथाच्या नावात इतके मानाचे स्थान क्वचितच मिळाले असेल. ज्या कागदांना कोणताही साहित्यप्रकार आपला म्हणत नव्हता, ते सर्व त्या एका शब्दात सामावले होते.

मिरजेस शिक्षक असलेले वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन सरदारांच्या कागदांतून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध केला. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये बाहेर पडला आणि एकूण बावीस खंड प्रसिद्ध झाले. या मालेमागे शासन नव्हते, विद्यापीठही नव्हते. काही खंड विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या 'ग्रंथमाला' मासिकातून क्रमशः निघाले. वर्गणीदारांचा अल्प आधार आणि गावोगावच्या छापखान्यांची सोय यांवर हे काम चालले होते.

या दोघांनीही प्रत्येक कागदास क्रमांक दिला. तो 'लेखांक' होय. त्यानंतरच्या शंभर वर्षांतील मराठेशाहीविषयक ग्रंथांच्या तळटीपा पाहिल्यास खंड व लेखांक एवढ्या दोन आकड्यांवर विधान तपासता येते, असे दिसते. मूळ कागद गहाळ झाला असला, तरी लेखांक तसाच राहतो. आज संगणकीय भांडारे प्रत्येक नोंदीस स्थायी ओळखक्रमांक देतात आणि त्याचे नावीन्य म्हणून वर्णन होते. लेखांकाचे कार्य यापेक्षा वेगळे नव्हते. राजवाड्यांच्या प्रस्तावना आज अधिक वाचल्या जातात हे खरे, आणि त्यांतील अनेक सिद्धान्त पुढील अभ्यासकांना मान्य झाले नाहीत हेही खरे. ते अमान्य करण्यासाठी लागणारी सामग्री मात्र बव्हंशी राजवाड्यांनीच छापून दिलेली होती.

एका शकावलीची कथा

उपेक्षित फलितांपैकी सर्वांत रुक्ष प्रकार शकावलीचा. तीत कथानक नसते, भाष्य नसते. शक, संवत्सर, मास, तिथी, वार आणि एका ओळीत घटना, एवढेच असते. घराण्याच्या दप्तरात अशी शकावली सापडली तर ललितदृष्टीच्या वाचकाला तिचे मोल कळणार नाही. तरीही शिवचरित्राच्या अभ्यासात एका शकावलीने जे परिवर्तन घडविले, ते अनेक चरित्रग्रंथांना घडविता आले नाही.

बखरींच्या आधारे शिवाजी महाराजांचा जन्म वैशाख शके १५४९, म्हणजे इ.स. १६२७ मध्ये झाला असे दीर्घकाळ मानले जात होते. कारी येथील जेधे देशमुखांच्या घराण्यात मिळालेली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळात प्रसिद्ध केली. मंडळाची स्थापना राजवाडे व सरदार खंडेराव मेहेंदळे यांच्या प्रयत्नाने पुणे येथे १९१० मध्ये झाली होती. शके १५४० ते १६१९ या कालखंडातील घटना नोंदविणाऱ्या या शकावलीत महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार, असा दिलेला होता. ही तिथी १९ फेब्रुवारी १६३० शी जुळते.

पूर्वीच्या जन्मतिथीशी तीन वर्षांचे अंतर पडत असल्याने वाद होणे स्वाभाविक होते. परंतु हा वाद मतांचा न राहता पडताळ्याचा झाला, ही त्यातील महत्त्वाची बाब होय. शकावलीत तिथीबरोबर वारही असल्याने जंत्रीच्या साहाय्याने प्रत्येक नोंद गणिताने तपासता येत होती. एखाद्या नोंदीत तिथी-वाराचा मेळ बसतो, दुसरीत बसत नाही, हे कोणीही स्वतः पाहू शकत होता. शकावली टिळकांच्या संग्रही राहिली असती आणि तिच्यावर आधारलेला केवळ एक लेख प्रसिद्ध झाला असता, तर वाचकांपुढे टिळकांचे मत मानावे किंवा मानू नये, एवढाच पर्याय उरला असता. पुढे सदाशिव महादेव दिवेकर यांनी तंजावर येथे मिळालेले परमानंद कवीचे 'शिवभारत' १९२७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातही तीच तिथी असल्याने जेधे शकावलीस स्वतंत्र दुजोरा मिळाला. आज शासकीय शिवजयंती १९ फेब्रुवारीस साजरी होते, तिच्या मुळाशी अशी काही पानांची यादी आहे.

या परंपरेतच मंडळाने १९३० पासून 'शिवकालीन पत्रसारसंग्रह' प्रसिद्ध केला. त्यात कालानुक्रमे लावलेले पत्रांचे सारांश व प्रत्येकाचा आधार, एवढेच आहे. आजच्या कोणत्याही निकषाने तो मौलिक ग्रंथ ठरणार नाही. तथापि शिवकालावर लिहिणाऱ्या अभ्यासकाच्या टेबलावर तो नसला, असे क्वचितच घडते.

ज्ञानेश्वरीची पोथी

याच राजवाड्यांचे एक उदाहरण नेमके उलट बाजूचे आहे. त्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरीची एक संहिता प्रसिद्ध केली आणि ती आपणांस मिळालेल्या अत्यंत प्राचीन पोथीवरून सिद्ध केल्याचे सांगितले. तिच्या भाषेच्या आधारे त्यांनी ज्ञानेश्वरीचे व्याकरणही लिहिले. मराठी भाषेच्या ऐतिहासिक अभ्यासात या दोन्ही कृतींना मोठे स्थान आहे. ही पोथी पुढे अभ्यासकांना उपलब्ध राहिली नाही. तिचे छायाचित्र नाही, पानापानाची नोंद नाही, दुसऱ्या कोणी करून ठेवलेली नक्कल नाही. त्यामुळे पोथी खरोखर किती जुनी होती, संपादकाने तिच्यात किती हस्तक्षेप केला, एखादे जुने वाटणारे रूप मूळचे की संस्कारित, यांविषयीची चर्चा पिढ्यानुपिढ्या चालू राहिली आणि तिचा निर्णय लागू शकत नाही. महाराष्ट्र शासनाने १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीसही राजवाडे संहितेचाच आधार होता, हे लक्षात घेता प्रश्नाची व्याप्ती ध्यानात येईल.

येथे राजवाड्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे प्रयोजन नाही. ज्या संशोधकाने हजारो कागद जसेच्या तसे छापले, त्याच्याही बाबतीत एका पोथीची सामग्री खुली न राहिल्याने त्याचा शब्द हाच एकमेव पुरावा उरला. संशोधक कितीही मोठा असला, तरी ही अवस्था शास्त्राला मानवणारी नाही.

निवडीच्या बाहेर राहिलेले

पेशवे दप्तराचा प्रश्न यापेक्षा निराळा आहे. हे दप्तर इंग्रजी अमलात इनाम व जमीनमहसूल यांच्या चौकशीसाठी सांभाळले गेले आणि अभ्यासकांना तेथे मुक्त प्रवेश नव्हता. गणेश चिमणाजी वाड यांनी रोजनिशांतून केलेले वेचे विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध झाले. त्यानंतर गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. अल्पावधीत झालेले हे काम थक्क करणारे आहे.

परंतु निवड म्हटली की तिच्यामागे त्या काळाची दृष्टी असते. मोहिमा, तह, कारभाऱ्यांचे डावपेच व घराण्यांतील कलह यांना अग्रक्रम मिळाला. गावांचे हिशेब, जमाखर्च, ताळेबंद, जकातीच्या नोंदी, वेठ व बलुत्यांचे तपशील हे हजारो रुमालांतच राहिले. पुढे आर्थिक व सामाजिक इतिहासाकडे लक्ष वळले, तेव्हा हिरोशी फुकाझावा यांच्यासारख्या जपानी अभ्यासकाला आणि अ. रा. कुलकर्णी यांच्यासारख्या पुण्यातील संशोधकाला या शिलकी कागदांकडेच जावे लागले. त्या वेळी उपयोगी पडले ते सरदेसायांनी १९३३ मध्ये सिद्ध केलेले दप्तराचे मार्गदर्शक पुस्तक. खंडांइतकी प्रतिष्ठा त्यास कधी मिळाली नाही. मात्र न छापलेल्या कागदांपर्यंत पोहोचण्याची वाट खंडांत नव्हती, ती या पुस्तकात होती. यावरून असे दिसते की, सर्व सामग्री एकदम खुली करणे शक्य नसेल तेथे निदान तिची यादी खुली करणे हे निवडक प्रकाशनाहून अधिक दूरगामी ठरू शकते. निवड आजच्या प्रश्नांना उत्तर देते. उद्याचे प्रश्न कोणते असतील ते निवडणाऱ्यास ठाऊक नसते.

अपुऱ्या ग्रंथाचे प्रकाशन

त्र्यंबक शंकर शेजवलकर यांनी संकल्पिलेले शिवचरित्र त्यांच्या हातून पूर्ण झाले नाही. १९६३ मध्ये त्यांचे निधन झाले. १९६४ साली 'श्री शिवछत्रपती' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या उपशीर्षकातच 'संकल्पित शिवचरित्राची प्रस्तावना, आराखडा व साधने' असे म्हटले आहे. प्रकाशन-व्यवहाराच्या रूढ कल्पनेप्रमाणे हे प्रकाशनयोग्य नव्हते. ग्रंथ नाही, तर ग्रंथाचा आराखडा कशास छापावा? परंतु शेजवलकरांसारखा स्वतंत्र बुद्धीचा इतिहासकार शिवचरित्राची प्रकरणे कशी पाडू इच्छित होता, कोणती साधने त्याला विश्वसनीय वाटत होती, हे त्या आराखड्यातून जितके स्पष्ट होते तितके एखाद्या पूर्ण चरित्रातून झालेच असते असे नाही. मराठीत अपुऱ्या संशोधनाला इतक्या सरळपणे स्वतःच्या नावाने प्रसिद्ध करण्याचे उदाहरण दुर्मीळ आहे, आणि ते अनुकरणीय आहे.

सद्यःस्थिती

छापण्याचा खर्च हे पूर्वी या सामग्रीच्या उपेक्षेचे मुख्य कारण होते. आता ते राहिलेले नाही. युरोपातील सर्न या संस्थेने २०१३ मध्ये सुरू केलेले 'झेनोडो' हे भांडार कोणत्याही विषयाची आधारसामग्री, याद्या, छायाचित्रे, सादरीकरणे विनामूल्य स्वीकारते आणि प्रत्येकास स्थायी ओळखक्रमांक देते. अलेक्झांड्रियाच्या प्राचीन ग्रंथालयाचा पहिला ग्रंथपाल झेनोडोटस याच्या नावावरून त्याचे नाव पडले. तोही पाठभेदांच्या नोंदी करणारा संपादकच होता. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची संहिता क्योटो येथील मुनेओ तोकुनागा यांनी संगणकावर उतरविली, केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ती सुधारली, आणि आज ती जगभर मुक्तपणे वापरली जाते. केवळ अक्षरे टंकित करणे हे संशोधन नव्हे, असे कोणी म्हणेलही. त्या टंकनाविना महाभारतात एखादा शब्द शोधणे किती दिवसांचे काम होते, हे संस्कृतच्या अध्यापकांना सांगावयास नको.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पीएच.डी. प्रबंधांची संगणकीय प्रत सादर करणे आवश्यक केले आणि गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' भांडारातून ते सर्वांस खुले झाले. ग्रंथालयाच्या कुलूपबंद कपाटातून प्रबंध बाहेर आला, हा मोठाच पालट होय. मराठी प्रबंधांची स्थिती मात्र अर्धी खुली, अर्धी बंद अशी आहे. अनेक प्रबंध युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकित झालेले किंवा केवळ प्रतिमारूपाने चढविलेले असल्याने त्यांतील मजकुराचा शोध घेता येत नाही. डोळ्यांना दिसणारा पण शोधयंत्राला न दिसणारा प्रबंध व्यवहारात अनुपलब्धच राहतो. दुसरी बाब परिशिष्टांची. प्रबंधाचा ग्रंथ होताना प्रकाशक प्रथम कात्री लावतो ती परिशिष्टांना. लिप्यंतरित कागद, प्रश्नावल्या, मुलाखती, गावांची कोष्टके तेथेच गळतात. लघुसंशोधन प्रकल्पांच्या अहवालांचे तर अनेक महाविद्यालयांत एकाच बांधीव प्रतीवर अस्तित्व आहे.

आर्थिक अडचण दूर होऊनही ही अवस्था का, याचे उत्तर मूल्यमापनाच्या पद्धतीत शोधावे लागते. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतील संशोधन-गुणांच्या तक्त्यात शोधनिबंध, ग्रंथ, अनुवाद, प्रकल्प, मार्गदर्शन, पेटंट, व्याख्याने यांना स्थान आहे. मोडी कागदांचे लिप्यंतर, दप्तराची यादी किंवा आधारसामग्रीचा संच यांना स्वतंत्र रकाना नाही. दोनशे मोडी कागद वाचून त्यांची सूची करणाऱ्या अध्यापकास त्यावरून घाईने लिहिलेल्या निबंधाचे गुण मिळतात, सूचीचे मिळत नाहीत. या हिशेबाने 'शिवकालीन पत्रसारसंग्रह' आणि जेधे शकावलीचे प्रकाशन ही दोन्ही कामे शून्य गुणांच्या जवळपास जातील. ज्या तक्त्यात राजवाडे व खरे यांचे आयुष्यकार्य बसत नाही, त्या तक्त्याचा फेरविचार व्हावयास हवा. व्यक्तीचे मूल्यमापन नियतकालिकाच्या मानांकनावरून न करता सर्व प्रकारच्या संशोधन-फलितांची दखल घ्यावी, असे सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यातही २०१२ पासून सांगितले जात आहे.

सर्वच सामग्री सरसकट खुली करावी, असा मात्र याचा अर्थ नाही. मुलाखत देणाऱ्याची अनुमती कोणत्या उपयोगासाठी होती, हे पाहावे लागते. जुन्या महजरांत व निवाडापत्रांत जातींचे तंटे, ग्रामण्ये, कुळांची कलंककथने येतात आणि त्या घराण्यांचे वंशज आज त्याच गावी राहत असतात. कागद देणाऱ्या घराण्याशी झालेला शब्द संशोधकाच्या सोयीसाठी मोडता येणार नाही. अशा वेळी कागद न दाखवता त्याची नोंद तेवढी खुली ठेवण्याचा मध्यम मार्ग आहे, आणि सरदेसायांच्या मार्गदर्शक पुस्तकाचा अनुभव तेथे उपयोगी पडतो.

कायद्याची अडचण मात्र वाटते तितकी मोठी नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क राहतो. वासुदेवशास्त्री खरे १९२४ मध्ये व राजवाडे १९२६ मध्ये निवर्तले. त्यांचे हयातीत प्रसिद्ध झालेले सर्व लेखन केव्हाच मुक्त झाले आहे. सरदेसाई १९५९ मध्ये वारले, त्यांचे लेखन १ जानेवारी २०२० पासून खुले आहे. मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाची साठ वर्षे प्रकाशनापासून मोजली जातात, त्यामुळे शेजवलकरांचा तो आराखडा १ जानेवारी २०२५ पासून कोणासही पुन्हा टंकित करून, त्यातील साधनांच्या यादीस आजवर सापडलेल्या कागदांची जोड देऊन, प्रसिद्ध करता येतो.